पीटीच्या सरांना आणि मॅडमना: शिडाची होडी म्हणजे बोटिंग नव्हे

सातारा जिल्ह्यातल्या समस्त पीटीच्या सरांना आणि मॅडमना, सप्रेम नमस्कार.

मी धोम धरणाच्या काठचा. लष्करात होतो आणि त्यातली अकरा वर्षं शिडाच्या होड्या पळवल्या, म्हणजे रेसमध्ये. आता रिटायर होऊन गावी आलोय आणि दर रविवारी आठ पोरापोरींना तेच शिकवतोय. दोन ऑप्टिमिस्ट आहेत, म्हणजे लहान पोरांच्या शिडाच्या होड्या, आणि त्यांच्यापेक्षा मोठी एक जुनी लेझर आहे, सगळ्या सेकंडहँड, ठिगळं लावलेल्या. पत्र लिहायचं कारण तसं बारकंच आहे. आमच्यातली एक पोरगी सातवीत आहे, बाहेरगावी तिची पहिली रेस होती, तिनं शाळेत दोन दिवसांची सुट्टी मागितली तर सर अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, बोटिंगला सुट्टी? मग मी पण जातो वेण्णा लेकला, मला पण द्या की सुट्टी. वर्ग हसला. पोरगी रेसला गेली नाही आणि पुढचे दोन रविवार धरणावर पण आली नाही.

सरांचं नाव घेणार नाही, शाळेचं पण नाही. माणूस वाईट नाही ओ, तालुक्यात कबड्डीच्या किती पोरी घडवल्यात त्यांनी. त्यांना कुणी सांगितलंच नाही की हा पण खेळ आहे, तर ते तरी काय करणार. म्हणून म्हटलं आपणच सांगावं, आणि एकट्या त्यांना कशाला, सगळ्यांनाच.

वेण्णा लेकला काय होतं, तुम्ही पैसे देता, होडीत बसता, वल्हवणारा दुसरा असतो, तुम्ही कणीस खाता. इथं होडीत एकटं पोरगं. इंजिन नाही, वल्हं नाही. एक शीड, एक सुकाणू आणि होडीच्या पोटातून खाली पाण्यात घातलेली एक फळी, तिला डॅगरबोर्ड म्हणतात, ती काढली की होडी खेकड्यासारखी आडवी सरकायला लागते. बरं, रेसमध्ये पहिल्यांदा जायचं कुठं, तर जिकडून वारा येतोय तिकडंच. सरळ जाता येत नाही, शीड नुसतं फडफडतं आणि होडी जागेवर उभी राहते. मग वाऱ्याशी साधारण ४५ अंशाचा कोन धरून तिरकं जायचं, वळायचं, परत दुसऱ्या बाजूला तिरकं. पसरणीचा घाट गाडी जशी चढते तसं, फरक इतकाच की पसरणीची वळणं पीडब्ल्यूडीनं बांधून ठेवलीत आणि इथं कुठं वळायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि घाट स्वतः हलत असतो. वारा दहा अंश फिरला आणि तुम्ही बरोबर बाजूला असला तर न वल्हवता दहा होड्या मागं पडतात. चुकीच्या बाजूला असला तर तुमची दंडं कितीबी मोठी असूद्या, उपयोग नाही.

तो वारा बघायचा कसा, हे खरं शिकायचं. वारा दिसत नाही पण पाणी दिसतं. दुपारी कमळगडाकडून झुळूक उतरली की आधी लांबवर पाण्यावर काटा येतो, माणसाच्या अंगावर येतो ना तसाच, पाणी तेवढंच काळपट दिसतं आणि तो काळा डाग सरकत सरकत तुमच्याकडं येतो. हुशार पोरगं तो डाग यायच्या आधी दोन सेकंद बाहेर झुकलेलं असतं. बाकीचे डाग आल्यावर झुकतात, तोवर होडी कललेली असते.

आणि झुकणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला सोपंय. तुम्ही गृहपाठ न करणाऱ्याला भिंतीला टेकवून खुर्ची करायला लावता ना? ती खुर्ची धरा, फक्त भिंत काढून टाका. पाय होडीतल्या पट्ट्याखाली अडकवायचे, बूड होडीच्या कडेवरून बाहेर, पाठ पाण्यावर लटकलेली, एका हातात सुकाणूची दांडी, दुसऱ्या हातात शिडाची दोरी जी सारखी ओढते, आणि तोंडावर मिनिटाला चार बादल्या पाणी. पाऊण-एक तास. अशा दिवसाला दोन रेस, कधी तीन, आणि असे पाच-सहा दिवस. मांड्या पेटतात म्हणजे काय ते मला रनिंगमध्ये कधी कळलं नव्हतं ते तिथं कळलं. २०२४ पर्यंत ऑलिंपिकला लेझरच्या अशा दहा रेस ठेवायचे आणि मग पहिल्या दहा जणांची मेडल रेस, तिचे गुण डबल.

गुणांचं पण उलटं आहे. पहिल्याला १, दुसऱ्याला २, पन्नासाव्याला ५०. सगळ्यात कमी गुणवाला जिंकला. सगळ्यात वाईट रेस एक वगळायला मिळते. त्यामुळं एखाद्या दिवशी हिरो झालेला पोरगा जिंकत नाही, रोज चौथा-पाचवा येणारा जिंकतो.

अजून एक गोष्ट आहे जी पीटीवाल्यांना आवडेल असं मला वाटतं. पाण्यात प्रत्येकाच्या मागं शिट्टी घेऊन पंच नसतो. उजवीकडून वारा घेणाऱ्याला डावीकडून घेणाऱ्यानं वाट द्यायची हा मूळ नियम, आणि तुम्ही कुणाची वाट अडवली तर तुम्ही स्वतःच बाजूला होऊन होडीचे दोन पूर्ण गोल फेरे मारायचे आणि मग पुढं जायचं. बोयाला, म्हणजे त्या तरंगत्या खुणेला धक्का लागला तर एक फेरा. कुणी बघितलं नसलं तरी. आमच्या आठातला एक पोरगा सहावीतला, परवा एकटाच लांब होता, बोयाला लागला, इकडंतिकडं बघितलं आणि गपचूप एक फेरा मारला. मी दुर्बिणीतून बघत होतो, त्याला माहीत नव्हतं.

आता माझं सांगतो, म्हणजे मी कुठून आलो ते कळेल. माझ्या आज्ज्याची जमीन धोमच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात, आज्जी काठावर उभी राहून बोट करायची, तिथं आपला गोठा होता. घरात पाण्याबद्दल बोलायचं म्हणजे एवढंच. धरण साडेतेरा टीएमसीचं, पण आमच्या लहानपणी त्यात पाय घालायचा नाही असा नियम, पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. एकोणिसाव्या वर्षी भरती झालो, खडकीला बीईजीत, म्हणजे फौजेच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. आपल्याकडं त्यात काय नवल नाही, आपशिंगे मिलिटरीसारखं अख्खं गाव जिथं फौजेत जातं त्या जिल्ह्यात. तिथं एका साहेबांनी विचारलं पोहता कुणाला येतं, मी हात वर केला, आणि त्या एका हातावर माझी पुढची अकरा वर्षं ठरली. पहिल्या दिवशी लेझर नऊ वेळा उलटी केली. मोजणारा मी नाही, बाकीचे मोजत होते.

लेझर म्हणजे ब्रूस कर्बी नावाच्या कॅनडाच्या माणसानं काढलेली होडी, लांबी ४.२ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन ५९ किलोच्या आसपास. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, बायकांसाठी २००८ पासून. २०१९ ला नाव बदलून इलका केलं पण आमच्या तोंडात लेझरच बसलंय. तिची गंमत अशी की सांगाडा एकच, आणि डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदललं की वेगळ्या वजनाच्या माणसाला चालते. मोठ्या पुरुषांना ७.०६ चौरस मीटरचं शीड, बायकांना ५.७६, आणि हलक्या पोरापोरींना ४.७. तालमीत वजनी गट असतात ना, तसे इथं शिडाचे गट समजा. आणि सगळ्यांची होडी एकसारखी असावी लागते, त्यामुळं सावकाराच्या पोराची होडी जास्त पळेल असं नाही. म्हणजे नवीकोरी असली तर थोडी पळते, खोटं कशाला बोलू, पण डोकं नसलं तर नाही पळत.

ऑप्टिमिस्ट तिच्यापेक्षा लहान, ३५ किलोची, पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांची. दिसायला डब्यासारखी, पुढून चपटी. १९४७ ला अमेरिकेत फ्लोरिडात क्लार्क मिल्स म्हणून एकानं ती बनवली, आणि बनवली ती मुद्दाम प्लायवुडमधून, कमी पैशात व्हावी म्हणून. श्रीमंतांचा खेळ म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. आज जगभरातले ऑलिंपिकवाले बहुतेक सगळे लहानपणी याच डब्यात बसलेले असतात.

माझं करिअर असं झालं की मी कधी एशियन गेम्सला गेलो नाही. जवळ गेलो होतो. मुंबईत सिलेक्शन ट्रायल होती, २७ होड्या, पहिले तीन निवडणार आणि शेवटच्या रेसआधी मी तिसरा. रेसची सुरुवात कशी होते ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. सुरुवातीची रेषा पाण्यावर चुन्यानं आखलेली नसते, एका बाजूला पंचांची बोट, दुसऱ्या बाजूला बोया, मधली रेषा मनातल्या मनात. पाच मिनिटं आधी पहिला झेंडा, चार मिनिटं आधी दुसरा, एक मिनिट राहिलं की दुसरा खाली, आणि शून्याला सुटायचं. होडीला ब्रेक नाही. २७ जण त्या रेषेवर कोंबड्यांसारखे एकमेकांना ढकलत जागा धरतात. आधी दोनदा सगळेच लवकर सुटले म्हणून पंचांनी काळा झेंडा लावला. काळा झेंडा म्हणजे शेवटच्या मिनिटात रेषेपलीकडं दिसलात तर बाद, परत येऊन सुधारायची सोय नाही. मी जागा झकास धरली होती. आणि ओहोटी लागली. पाणी मला मागून हळूच ढकलत होतं, एक फूट, दोन फूट, शीड पूर्ण सोडलेलं तरी होडी पुढं. धरणावरचा माणूस ओ मी. पाणी स्वतः चालतं हे डोक्यात होतं पण अंगात नव्हतं.

२७ होड्यांत बाद म्हणजे २८ गुण. माझी आधी एक रेस बिघडली होती, दोरी तुटून २२ वा आलेलो, ती मी वगळायला धरली होती. आता वगळायला २८ आले आणि ते २२ परत गळ्यात पडले. तिसऱ्यावरून सातवा. संध्याकाळी होडी धुताना कुणीच काही बोललं नाही, एकानं फक्त चहा आणून दिला.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. उलट सांगायचंय ते असं की समुद्रावर मी कच्चा होतो पण तळ्यावर मला फार कमी जण हरवायचे. हैदराबादला दरवर्षी जुलैच्या सुमारास हुसेनसागरवर मोठी रेस असते, सेलिंग वीक म्हणतात. मध्ये तो दगडी बुद्ध उभा आहे ना, त्याच्या आडोशाला वारा मरतो, आणि शहरातून येणारा वारा असा वेडावाकडा फिरतो की समुद्रावरचे लोक वैतागतात. मला ते घरच्यासारखं वाटायचं, डोंगरातून येणारा वारा असाच असतो, कधी सरळ येतच नाही. बंद पाण्यावर शिकलेल्या माणसाचे डोळे वाऱ्यावर जास्त बसतात, हे माझं मत, कुणाला पटो न पटो.

आणि समुद्र पाहिजेच असं म्हणणाऱ्यांनी भोपाळ बघावं. समुद्राचा काय संबंध ओ भोपाळशी. तिथल्या मोठ्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे, आणि त्यात शिकलेली नेहा ठाकूर, देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची पोरगी, हँगझाऊच्या एशियन गेम्सला २०२३ मध्ये मुलींच्या इलका ४ मध्ये रौप्य घेऊन आली. सतरा वर्षांची. ४ म्हणजे तेच ४.७ चं शीड जे आमच्या जुन्या लेझरवर बसतं. त्याच स्पर्धेत विष्णू सरवणननं पुरुषांत ब्राँझ घेतलं, तो फौजेचा. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकसाठी चेन्नईची नेत्रा कुमनन आणि हा विष्णू ओमानमधल्या मुसन्नाच्या स्पर्धेतून पात्र झाले, नेत्रा ही सेलिंगमध्ये ऑलिंपिकला पात्र झालेली देशातली पहिली बाई. टीव्हीवर कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. मुंबईच्या समुद्रावर फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी १९८२ च्या एशियन गेम्सला सुवर्ण घेतलंय, ते तर आपल्या महाराष्ट्रातच विसरले लोक.

दत्तू भोकनळ तरी माहीत असेल. सेलिंगवाला नाही, वल्ह्यांचा, पण मुद्दा तोच. चांदवडच्या दुष्काळी पट्ट्यातला माणूस, विहिरी खणायला जायचा, आणि फौजेत गेल्यावर वल्हं हातात आलं आणि २०१६ ला रिओ गाठलं. ज्यांच्याकडं प्यायला पाणी नव्हतं त्यांच्यातला एक जण पाण्यावर ऑलिंपिकला गेला आणि आपण धरणं भरून ठेवलीत, धोम, कण्हेर, उरमोडी, आणि कोयनेचा शिवसागर तर १०५ टीएमसीचा, आणि काठावर पाटी, पाण्यात उतरू नये.

पाटी चूक नाही. आईबाप घाबरतात त्यात पण काही चूक नाही. सांगलीकडं ब्रह्मनाळला २०१९ च्या पुरात होडी उलटली ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलीय, आणि कृष्णाकाठच्या माणसाला पाणी म्हणजे आयर्विन पुलाखाली किती फूट झालं एवढंच माहीत. पण म्हणूनच आमच्याकडं पहिल्या दिवशी होडी चालवायला शिकवत नाही, उलटी करायला शिकवतो. लाइफ जॅकेट घालून, अंगावरच्या कपड्यांनिशी आधी ५० मीटर पोहून दाखवायचं, मगच होडी. मग काठाजवळ होडी मुद्दाम आडवी पाडायची. घाबरून लांब पोहत जायचं नाही, होडी सोडायचीच नाही. दोरी धरून वळसा घालून होडीच्या बुडाकडं जायचं, डॅगरबोर्डवर आधी हात, मग पाय, कडेला लोंबकळून अंगाचं वजन टाकायचं. एक दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग शीड चपकन पाण्यातून सुटतं आणि होडी सरळ होते, तेव्हा पोरांच्या तोंडाकडं बघावं. तिसऱ्या वेळेला ती स्वतःहून पाडायला लागतात, मग ओरडावं लागतं. जवळ मोटारची एक बोट कायम असते, ती नसली की त्या दिवशी क्लास बंद. लेखी परवानगी आहे, ती कुठल्या टेबलावर किती दिवस झोपली होती ते सोडा.

तर माझं मागणं. ग्राउंड द्या, पैसे द्या असं काही म्हणत नाही. पोरांनी रेसची सुट्टी मागितली तर कबड्डीच्या पोराला देता तशी द्या, चिठ्ठी मी लिहून देतो, सही-शिक्क्यानिशी. आणि एखादं पोरगं पाठवा. तुमचं सगळ्यात पळणारं नको, ते तुम्हाला ४०० मीटरला लागणार. मला ते द्या जे कबड्डीत पहिल्या दोन मिनिटांत बाद होऊन बाहेर बसतं, तीस-पस्तीस किलोचं, अंगानं बारकं, आणि बसल्या बसल्या झेंड्याच्या खांबावरची दोरी कुठल्या बाजूला हलतेय ते बघत राहतं. असं प्रत्येक शाळेत एक तरी असतंय. ऑप्टिमिस्टला चाळीस-पन्नास किलोच्या वर वजन गेलं की ती जड होते, त्यामुळं जिथं तुमच्याकडं वजन कमी म्हणून पोरगं मागं पडतं तिथं इथं ते कामाला येतं.

आमिष दाखवणार नाही. मेडल येईल, नोकरी लागेल असं मी त्यांच्या आईबापांना पण सांगत नाही. होडी महाग, परदेशात रेसला गेलं तर तिथं होडी भाड्यानं घ्यावी लागते, आणि देशात या खेळाला पोसणारे मुख्यतः फौज आणि नेव्हीच. मी बत्तिशीत थांबलो, गुडघे आणि कंबर दोन्ही बोलायला लागले होते, आज पण जिना उतरताना आवाज येतो. पण धनुष्यबाण म्हटलं की दसरा आठवायचा त्याच साताऱ्यात अदिती स्वामी तयार झाली ना, २०२३ ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन. तिच्या पण कुठल्या तरी इयत्तेत कुणीतरी सुट्टी दिलीच असेल की.

ती सातवीतली पोरगी गेल्या रविवारी आली परत. मी काही विचारलं नाही. वारा अजिबात नव्हता, पाणी तेलासारखं, बाकीची पोरं कंटाळून काठावर चिंचा पाडत बसली. ही होडी घेऊन मध्ये जाऊन थांबली, अर्धा तास नुसती. मग पलीकडच्या काठाला काटा आला पाण्यावर, मला दिसायच्या आधी तिला दिसला.

तुम्ही पण या एकदा, रविवारी दहाच्या आत. भाकरी बांधून आणा, चहा आमच्याकडं. आणि कपड्यांचा एक जादा जोड आणा, कारण पहिल्या दिवशी होडी उलटी करायची असते आणि त्यातून सरांना सूट नाही.

तुमचाच,
धोमकाठचा एक जुना लेझरवाला